दोन वर्षांचं अनुदान एका मार्चमध्ये

प्रश्न : आमची संस्था ग्रामीण भागात मुलांचं बालगृह चालवते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदणी आहे, १२एबी (संस्थेला आयकरात सूट देणारी नोंदणी) आणि ८०जी (देणगीदारांना करसवलत देणारी मान्यता) दोन्ही आहेत. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षांचं परिपोषण अनुदान (मुलांच्या पालनपोषणासाठी सरकार देतं ते), एकूण २१ लाख रुपये, ३० मार्च २०२६ रोजी एकदमच खात्यात जमा झालं. वर्षभरात ९ लाखांच्या देणग्या आणि १ लाख व्याज आलं. प्रत्यक्ष खर्च १४ लाख. दोन वर्षं आम्ही उधारीवर काढली : किराणा दुकानदाराचे ३ लाख २० हजार आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचे ४ लाख ८० हजार थकले होते. दोन विश्वस्तांनी बिनव्याजी ५ लाख हातउसने दिले आणि कॉर्पसची, म्हणजे संस्थेच्या कायम निधीची, ३ लाखांची एफडी मोडली. किराणा आणि पगार आम्ही एप्रिलमध्ये चुकते केले. आता ऑडिटर म्हणतात, ८५ टक्के खर्च झालेला नाही, कर बसेल. जे पैसे आम्ही दोन वर्षांपूर्वीच खर्च केले, त्यांवर कर कसा? काही जण सुचवतात, उरलेली रक्कम पतसंस्थेत ठेवा, दोन टक्के व्याज जास्त मिळतं. काय करावं?
— एक खजिनदार

उत्तर : ऑडिटर बरोबर सांगताहेत. मात्र कर टाळण्याचा कायदेशीर रस्ता अजून उघडा आहे. त्याची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर २०२६ असली तरी ३१ ऑगस्टच धरून चाला. कारण पुढे येईल.

आधी हिशेब. ३१ मार्च २०२६ रोजी संपलेल्या वर्षाला १९६१ चाच आयकर कायदा लागू आहे. नवा २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून सुरू झाला. ८५ टक्क्यांचा नियम त्यातही आहे, कलमांचे क्रमांक तेवढे वेगळे. तुमचं वर्षाचं उत्पन्न २१ अधिक ९ अधिक १, म्हणजे ३१ लाख. त्याच्या ८५ टक्के म्हणजे २६ लाख ३५ हजार रुपये संस्थेच्या उद्दिष्टांवर खर्ची पडायला हवेत. उरलेले १५ टक्के, ४ लाख ६५ हजार, कुठल्याही अटीशिवाय शिल्लक ठेवता येतात. खर्च झाला १४ लाख. तूट १२ लाख ३५ हजार. काहीच केलं नाही तर या तुटीवर ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३ लाख ८५ हजार ३२० रुपये कर.

"आम्ही तर आधीच खर्च केला" हा तुमचा मुद्दा न्यायाच्या दृष्टीनं बिनतोड आहे, पण कायद्यानं ते दार २०२१ साली बंद केलं. त्याआधी मागच्या वर्षी उत्पन्नापेक्षा जास्त झालेला खर्च पुढच्या वर्षी वळता करून घेता येई, न्यायालयांनीही ते मान्य केलं होतं. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून मागचा असा जादा खर्च पुढे ओढता येत नाही. अनुदानावर चालणाऱ्या संस्थांना याचा फटका सगळ्यात जास्त बसतो. खर्च दर महिन्याला होतो, अनुदान दोन-दोन वर्षांनी गठ्ठ्यानं येतं, आणि कायदा प्रत्येक वर्षाकडे सुटं पाहतो.

गठ्ठा मार्चमध्येच का येतो, हेही पाहू, कारण पुढच्या वर्षीचं नियोजन त्यावरच बेतावं लागेल. अर्थसंकल्पात लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या ठरलेल्या सदराखाली) तरतूद झाली की पैसे मिळाले, असं नसतं. वित्त विभाग ती तरतूद टप्प्याटप्प्यानं वितरित करतो. मग विभागाचा शासन निर्णय, मग बीम्स या सरकारी निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर जिल्ह्याच्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या (कोषागारातून पैसे काढून वाटणाऱ्या अधिकाऱ्याच्या) नावे निधी, मग देयक कोषागारात. वर्षभर जे हात आखडून सोडलं जातं, ते मार्चमध्ये तरतूद व्यपगत होऊ नये, म्हणजे न वापरता रद्द होऊ नये म्हणून घाईनं बाहेर पडतं. थकबाकीसाठी पुरवणी मागणी मंजूर झाली असेल तर ती रक्कमही बहुधा याच वाटेनं आणि याच घाईत येते. तेव्हा तुमचं २०२५-२६ चं अनुदानही मार्च २०२७ मध्येच येईल असं गृहीत धरा. लवकर आलं तर आनंदच.

आता आधी जुन्या फायली काढा. तीन गोष्टी तपासल्याशिवाय कुठलाही फॉर्म भरू नका.

पहिली, वह्या रोखीच्या पद्धतीनं (पैसे आले-गेले तेव्हा नोंद) ठेवल्या आहेत की व्यापारी पद्धतीनं (येणं-देणं ठरलं तेव्हाच नोंद). व्यापारी पद्धत असेल आणि मंजूर झालेलं अनुदान त्या-त्या वर्षी 'येणे' म्हणून उत्पन्नात धरलेलं असेल, तर ते आता पुन्हा उत्पन्न होत नाही आणि वरचं सगळं गणित बदलतं. रोखीची पद्धत असेल तर २१ लाख याच वर्षाचे. फायदा दिसतो म्हणून आता पद्धत बदलायला जाऊ नका. दरवर्षी बदलणारी पद्धत करनिर्धारण अधिकारी सगळ्यात आधी हेरतो.

दुसरी, अनुदानाच्या मंजुरी आदेशातल्या अटी. पुढच्या खर्चासाठी आगाऊ दिलेलं, अखर्चित रक्कम व्याजासह परत करायच्या अटीचं अनुदान ताळेबंदात दायित्व म्हणून दाखवायचं आणि उत्पन्नात धरायचं नाही, ही भूमिका न्यायाधिकरणांनी अनेक प्रकरणांत मान्य केली आहे. पण मग त्यातून झालेला खर्चही ८५ टक्क्यांत मोजायचा नाही. तुमचं अनुदान मात्र झालेल्या खर्चाची भरपाई आहे, परत करायचं काही उरलेलं नाही. त्यामुळे हा आधार तुम्हाला मिळेल असं वाटत नाही. ओढूनताणून घेऊ नका.

तिसरी, आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची : २०२३-२४ आणि २०२४-२५ च्या आयटीआर-७ मध्ये (ट्रस्टच्या आयकर विवरणपत्रात) आणि ऑडिट अहवालात थकलेले पगार, किराणा, उसनवारीतून आणि कॉर्पसमधून केलेला खर्च 'उद्दिष्टांवरचा खर्च' म्हणून मोजला होता का? हे का विचारतो, ते सांगतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर खर्च केवळ प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी मोजला जातो, बिल कुठल्याही वर्षाचं असो. म्हणून एप्रिलमध्ये चुकते केलेले किराणा आणि पगाराचे ८ लाख २०२६-२७ मध्ये मोजले जातील, जर ते आधी मोजलेले नसतील तर. उसनवारीतून किंवा कॉर्पसमधून केलेला खर्च तर २०२१-२२ पासून मोजायचाच नसतो. उसने फेडले किंवा कॉर्पस पुन्हा भरला की त्या वर्षी तो मोजायचा, आणि मूळ खर्चाचं वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत. आधीच्या विवरणपत्रात चुकून मोजला असेल तर आता दुसऱ्यांदा मिळणार नाही.

याच ठिकाणी तुमची संधी थोडक्यात हुकली. ३० मार्चला पैसे आले त्याच दिवशी किंवा ३१ ला किराणा, पगार, उसने आणि कॉर्पस मिळून १६ लाख वळते केले असते, तर वर्षाचा खर्च ३० लाख झाला असता आणि ही चर्चाच उरली नसती. ३१ मार्चच्या आत दुकानदाराच्या हातात चेक पडला असेल आणि तो एप्रिलमध्ये वटला असेल, तर चेक दिल्याची तारीख धरण्याचा आग्रह ऑडिटरकडे जरूर धरा. पोच आणि चेकबुकचं अर्धुक जपून ठेवा.

समजा, तपासणीत सगळं तुमच्या बाजूचं निघालं. १२ लाख ३५ हजारांसाठी दोन फॉर्म आहेत. फॉर्म ९ए भरून तुम्ही म्हणता : ही रक्कम यंदाच खर्च झाली असं माना, प्रत्यक्ष खर्च आम्ही लगतच्या पुढच्या वर्षात, म्हणजे ३१ मार्च २०२७ पर्यंत करू. फॉर्म १० भरून म्हणता : ही रक्कम अमुक एका कामासाठी ५ वर्षांपर्यंत राखून ठेवतो.

बहुतेक जण सगळी रक्कम ९ए मध्ये टाकून मोकळे होतात. तुम्ही तसं करू नका. ९ए मधली रक्कम पुढच्या वर्षी खर्च करायची ती पुढच्या वर्षाच्या स्वतःच्या ८५ टक्क्यांशिवाय. एकच रुपया दोन्हीकडे मोजता येत नाही. समजा, २०२६-२७ मध्ये देणग्या आणि व्याज मिळून १० लाख आले आणि मार्च २०२७ मध्ये १० लाख ५० हजार अनुदान आलं. मग २० लाख ५० हजारांचे ८५ टक्के म्हणजे १७ लाख ४२ हजार ५००, अधिक ९ए चे १२ लाख ३५ हजार, एकूण २९ लाख ७७ हजार ५०० खर्च दाखवावा लागेल. तुमच्याकडे काय आहे? चालू खर्च १४ लाख, एप्रिलमध्ये चुकते केलेले ८ लाख, उसने परत ५ लाख, कॉर्पस परत ३ लाख. एकूण ३० लाख. जेमतेम साडेबावीस हजारांचा फरक. एखाद्या खर्चावर ऑडिटरनं बोट ठेवलं किंवा अनुदान थोडं जास्त आलं की पुन्हा तूट.

म्हणून ९ए मध्ये ८ लाख आणि फॉर्म १० मध्ये ४ लाख ३५ हजार, अशी विभागणी आम्ही सुचवू. मग पुढच्या वर्षी २५ लाख ४२ हजार ५०० दाखवायचे आणि हाताशी ३० लाखांचा खर्च. हा साडेचार लाखांचा अवकाश मार्चमध्ये उपयोगी पडतो. ९ए समोर रोजचा खर्च, पगार आणि किराणा दाखवा. उसने आणि कॉर्पसची परतफेड पुढच्या वर्षाच्या ८५ टक्क्यांत धरा, म्हणजे वादाला जागा कमी.

फॉर्म १० साठी विश्वस्तांच्या सभेत ठराव हवा, आणि त्यात काम नेमकं लिहा : 'बालगृहाच्या इमारतीच्या छताची दुरुस्ती व मुलींच्या बाजूची स्वच्छतागृहे, अंदाजे ४ लाख ३५ हजार, मुदत ३१ मार्च २०३१ पूर्वी'. संस्थेच्या घटनेतली सगळी उद्दिष्टं उतरवून काढली की ती राखून ठेवलेली रक्कम नाकारली जाते, यावर भरपूर वाद झाले आहेत. ही रक्कम दुसऱ्या ट्रस्टला देणगी म्हणून देता येत नाही. पाचव्या वर्षाच्या अखेरपर्यंत खर्च झाली नाही तर त्याच वर्षी ती उत्पन्न ठरते. दुरुस्तीच्या ठेकेदाराचं एक बिल ३० हजारांच्या किंवा वर्षाचं एकूण १ लाखाच्या वर गेलं तर टीडीएस कापा, ठेकेदार व्यक्ती असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २. कापला नाही तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग मोजलाच जात नाही. आणि एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांवर रोख दिलेले पैसे पूर्णच बाद. उधारी फेडताना दुकानदार रोख मागतात, तेव्हा हे लक्षात असू द्या.

दोन्ही फॉर्म विवरणपत्राच्या मुदतीच्या दोन महिने आधी भरावेत असा कायद्याचा शब्द आहे, म्हणून ३१ ऑगस्ट. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरले तरी सवलत नाकारू नये, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं २०२३ च्या परिपत्रकात सांगितलं आहे, म्हणून ३१ ऑक्टोबर ही शेवटची रेघ. मध्ये ३० सप्टेंबरला ऑडिट अहवाल. तुमचं उत्पन्न ५ कोटींच्या आत आणि परदेशी देणगी नसेल तर फॉर्म १०बीबी, १०बी नव्हे. चुकीचा फॉर्म भरणाऱ्या संस्था दरवर्षी निघतात. धर्मादाय आयुक्तांकडे द्यायच्या हिशेबाचं ऑडिटही वर्ष संपल्यापासून ६ महिन्यांत, तेव्हा दोन्ही एका सपाट्यात उरकतील. दोन्हीकडचे आकडे जुळतात का, हे मात्र स्वतः ताडून पाहा.

पतसंस्थेचं म्हणाल तर उत्तर ठाम 'नाही' असंच आहे. ट्रस्टच्या पैशांसाठी आयकर कायद्याच्या कलम ११(५) मध्ये ठरावीक जागा दिल्या आहेत. शेड्यूल्ड बँक, सहकारी बँक, पोस्टाच्या बचत योजना, सरकारी रोखे वगैरे. पतसंस्था ही बँक नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ मध्येही तिला जागा नाही. फॉर्म १० खाली राखलेली रक्कम चुकीच्या जागी ठेवली तर ती रक्कमच उत्पन्न ठरते. ४ लाख ३५ हजारांवर दोन टक्के जास्त व्याज म्हणजे वर्षाला ८ हजार ७००. कर १ लाख ३५ हजार ७२०. शिवाय बँकठेवींना असलेलं ५ लाखांचं विमासंरक्षण पतसंस्थेच्या ठेवींना नसतं. आधीची एखादी ठेव तिथे असेल तर ती मुदत पूर्ण व्हायची वाट न पाहता काढा.

विश्वस्तांच्या उसनवारीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगणं भाग आहे. त्याच विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ए(३) नुसार ट्रस्टसाठी कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, बिनव्याजी हातउसने असले तरी. घेतली नसेल तर ऑडिटर तसा शेरा मारतील. ती रक्कम बँकेमार्फत आली, ठराव आहे, व्याज दिलेलं नाही, हे कागदावर दाखवा, परत करतानाही बँकेतूनच करा आणि यापुढे अनुदान रखडेल असं दिसताच आधी परवानगीचा अर्ज करा. बालगृह बंद ठेवता येत नाही, मुलांना रोज जेवायला घालावं लागतं, हे कारण अर्जात साध्या शब्दांत लिहा.

उपयोगिता प्रमाणपत्राबद्दल एक सावधगिरी. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना तुम्ही लिहून देणार की २१ लाख पूर्ण खर्च झाले, आणि आयकर विभागाला फॉर्म ९ए आणि १० मधून सांगणार की १२ लाख ३५ हजार खर्च व्हायचे आहेत. दोन्ही खरं आहे, कारण प्रमाणपत्र मागच्या वर्षांच्या खर्चाचं आहे आणि फॉर्म यंदाच्या उत्पन्नाचे. पण चौकशीत हे दोन कागद शेजारी ठेवले गेले की प्रश्न येणारच. म्हणून एका पानाचा ताळमेळ आजच करून ठेवा : कुठल्या वर्षाचा किती खर्च, तो कशातून भागवला (देणगी, उधारी, उसने, कॉर्पस), किती आणि कधी चुकता झाला, अनुदानाचा आदेश क्रमांक आणि जमा झाल्याची तारीख. त्यावर ऑडिटरची सही घ्या. उधारी बाकी असताना 'सर्व रक्कम अदा केली' असा शब्द प्रमाणपत्रात येऊ देऊ नका, 'खर्च झाला' आणि 'अदा केला' यांतला फरक महालेखापालांच्या तपासणीत विचारला जातो.

मार्च २०२७ ची तयारी जानेवारीतच करा. देण्यांची यादी, मंजूर बिलं, खर्चाला मान्यता देणारा ठराव, सह्यांचे अधिकार असलेले दोघे गावात असतील याची खात्री, आणि ज्यांना पैसे द्यायचे त्यांची खाती नेटबँकिंगमध्ये आधीच जोडलेली. नवीन खातं जोडल्यावर पहिल्या दिवशी बँका मोठी रक्कम जाऊ देत नाहीत आणि ३१ तारखेला ते कळून उपयोग नसतो.

राहता राहिली १२एबीची मुदत. २०२१ मध्ये ५ वर्षांसाठी मिळालेली नोंदणी ३१ मार्च २०२६ ला संपली, आणि नूतनीकरणाचा अर्ज ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत फॉर्म १०एबी मध्ये करायचा होता. प्रमाणपत्रावरची तारीख आज पाहा. अर्ज राहिला असेल तर उशीर माफ करण्याच्या विनंतीसह ताबडतोब करा, आयकर आयुक्तांना तो अधिकार १ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. अर्जच केला नाही तर संस्थेच्या मालमत्तेच्या बाजारमूल्यातून देणी वजा जाता उरेल त्यावर कर लागू शकतो, त्यापुढे वरचे ३ लाख ८५ हजार किरकोळ वाटतील. मागच्या दोन वर्षांत दरवर्षीचं उत्पन्न ५ कोटींच्या आत असेल तर आता ही नोंदणी १० वर्षांसाठी मिळते. ८०जीची मुदत मात्र वेगळी तपासा, ती १० वर्षांची सवलत तिला मिळालेली नव्हती.